किटलीवरचा वैधानिक इशारा

आमच्या घरी चहाला येणारा प्रत्येक नवा पाहुणा पहिला कप संपवायच्या आत एकदा किटलीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि गप्प बसतो. आमच्या लार्कहिल गावची माणसं सभ्य आहेत. यजमानाच्या किटलीवर पांढऱ्या पट्टीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत ‘सावधान. या पेयामुळे कर्करोग होतो’ असं लिहिलेलं असलं, तरी ती लगेच काही विचारत नाहीत. थंडीबद्दल बोलतात, रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोलतात आणि मग कप खाली ठेवून, आत्ताच लक्षात आल्यासारखं करून विचारतात. त्यावर माझी बायको डोरीन “वेंडेल सांगेल” एवढंच म्हणते आणि विणकाम हातात घेते. मग मला सांगावं लागतं.

तर सांगतो. माझी सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली. ज्या सूचना कुणी वाचू नयेत अशी कंपनीची मनापासून इच्छा असते, त्या बारीक अक्षरांत लिहून काढणं हाही त्याच कामाचा भाग. या विषयात माझा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता, पण निवृत्त झाल्यावर मला कुणी काही विचारेनासं झालं. डोरीन विचारायची, पण ते कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवली का, इतपतच. अशा मनःस्थितीत असलेल्या माणसाच्या कानावर नवीन कायद्याची बातमी पडू नये.

ती पडली. कॅनडाच्या राजधानीत, ओटावाला, वरच्या सभागृहात एक विधेयक आलं होतं की दारूच्या प्रत्येक बाटलीवर आरोग्याचा इशारा छापलेला असावा. आमच्या कर्लिंग क्लबच्या वार्षिक सभेत दुसरा विषयच नव्हता. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत धावायचं. बाहेरच्यांना हे घरकाम वाटतं. आम्ही मात्र सबंध हिवाळा त्याच्यावर काढतो, कारण त्या दिवसांत मॅनिटोबात दुसरं करण्यासारखं काही नसतं आणि खेळ संपला की शेजारीच क्लबचा बार असतो.

बारमधला आमचा एक नियम आधी सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यावर उभा आहे. सामना संपला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिला ग्लास पाजायचा आणि दोन्ही संघांनी एकाच टेबलाला बसायचं. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, म्हणूनच ते कुणी मोडत नाही. काय घेणार असं विचारायची पद्धत नाही. बार सांभाळणाऱ्या बर्निसला प्रत्येकाचं पाठ आहे. अध्यक्ष मर्व्हिनला बिअर, मला रम, ऑरेस्टला व्हिस्की. आणि नको म्हणायची तर मुळीच पद्धत नाही. आमचे जनावरांचे डॉक्टर एकदा जबडा तारांनी बांधलेला असताना खेळले आणि हरले. कशाला खेळले हा वेगळा विषय. पण त्यांनी आपला ग्लास नळीने संपवला, आणि गावात अजून त्यांचं नाव आदराने घेतात.

ऑरेस्ट पाव्ह्लिशिन हा माझा शेजारी, आणि मित्र म्हणण्याची वेळ आली तर मित्रही. जन्मभर त्याने ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं दुरुस्त केली. बायको गेल्यापासून एकटा राहतो. आठवड्यातून दोनदा क्लब, रविवारी चर्च आणि बाकीचा वेळ गॅरेजमध्ये, हा त्याचा संसार. त्याच्याकडे बर्फ उडवायचं यंत्र आहे आणि माझ्याकडे पाठदुखी आहे. त्यामुळे रात्री बर्फ पडला की सकाळी तो स्वतःचं अंगण साफ करायचा आणि यंत्र बंद न करता तसाच माझ्या अंगणात शिरून दारापर्यंत वाट करून द्यायचा. त्याबद्दल डोरीन त्याला केक द्यायची आणि मी त्याच्याशी गप्पा मारायचो. या व्यवहारात आपल्याकडून फार जातं असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

सभेत मर्व्हिनने विधेयकाची टिंगल केली. उद्या बर्फावर ‘निसरडे आहे’ अशी पाटी लावायला सांगतील, म्हणाला. लोक हसले. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण हशा ओसरल्यावर उभा राहिलेला माणूस मीच होतो, आणि उभं राहिल्यावर काहीतरी बोलावं लागतं. मी म्हणालो की कायदा होईल तेव्हा होईल, आपला क्लब आपणहून प्रत्येक बाटलीवर इशारा लावून दाखवेल. देशात पहिलाच. प्रयोगाचा अहवाल मी स्वतः ओटावाला पाठवीन. सगळ्यांना तहान लागलेली असल्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

बाहेर पडताना ऑरेस्टने विचारलं, “वेंडेल, हे लेबल नक्की कशासाठी?”

“लोकांना कळावं म्हणून.”

“ज्याला कळायचं त्याला कळतं रे,” तो म्हणाला. वर्षभरापासून त्याचा आवाज घोगरा झाला होता. सर्दी धरून बसली आहे म्हणायचा. मी मनातल्या मनात त्याला विरोधकांत टाकलं आणि पुढे गेलो.

आता मला ओटावाचं बोलावणं येणार याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. विधेयकावर साक्षी घेतात, तज्ज्ञांना बोलावतात, हे मी वाचलेलं होतं. मी राखाडी कोट विकत घेतला. डोरीन म्हणाली की ते लोक डॉक्टरांना बोलावतील. मी म्हटलं, डॉक्टरांना अक्षराच्या जाडीतलं काय कळतं? तिने कोटाची पावती नीट जपून ठेवली.

पहिला पेच मजकुराचा. मर्व्हिनचं म्हणणं ‘कर्करोग होतो’ असं न लिहिता ‘होऊ शकतो’ लिहावं. माझी सगळी नोकरी ‘शकतो’ या शब्दावर चाललेली. पण या वेळी मला देशकार्याचं वारं लागलेलं होतं, आणि मी ‘होतो’वर अडून बसलो. निवृत्त पाद्रीबाबांना त्यात पश्चात्तापाचा उल्लेख हवा होता. चर्चच्या तळघरात बटाट्याचे कानवले करणाऱ्या युक्रेनी बायका म्हणाल्या की मग आमच्या भाषेतही हवं, आमची माणसं काय कमी पितात? शाळेत फ्रेंच शिकवणाऱ्या मादाम गान्याँ म्हणाल्या की फ्रेंच मजकूर आधी आणि त्याच आकारात. सगळ्यांचं ऐकून केलेलं लेबल बाटलीभोवती दीड वेळा फिरलं. ते वाचायला बाटली गोल फिरवावी लागे, आणि फिरवता फिरवता थोडी ओतली जाई. शेवटी पुढच्या बाजूला एक वाक्य आणि मागच्या बाजूला फ्रेंच, असा तोडगा काढला. फ्रेंच मागे गेल्यापासून मादाम गान्याँ माझ्याशी अतिशय सौजन्याने वागतात.

हे सौजन्य काय असतं ते सांगतो. आमच्याकडे माणूस रागावला की जास्त सभ्य होतो. जो तुम्हाला मूर्ख म्हणतो तो आपला. जो “आपण कसे आहात” विचारतो, त्याच्यापासून जपून राहावं.

दुसरा पेच कायद्याचा. कायदा पाळण्यासाठी परवानगी लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. दारूच्या परवान्यांचं जे ऑफिस आहे तिथे मी फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या. त्या म्हणाल्या, मूळ लेबल झाकलं तर तो गुन्हा. न झाकता चिकटवलं तर ते दुसरं लेबल, आणि दुसऱ्या लेबलाला मंजुरी लागते. मी म्हटलं, आम्ही त्याला लेबल न म्हणता सूचना म्हटलं तर? त्या म्हणाल्या, सूचना भिंतीवर लावतात. मग आरोग्य खात्यात फोन केला. तिथले गृहस्थ म्हणाले की जो कायदा अजून झालेला नाही त्याच्याबद्दल ते मत देऊ शकत नाहीत, आणि झाल्यावर मत द्यायची गरज उरणार नाही. मी पुन्हा पहिल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “साहेब, तुम्ही फोन केला नसता तर आम्हाला काही कळलंच नसतं, आणि मला वाटतं ते दोघांच्याही सोयीचं झालं असतं.” हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी त्यांचे आभार मानले. परवानगी मिळाली असं मी ते धरून चाललो.

तिसरा पेच डिंकाचा. लेबलं छापून आली आणि मी दोन दिवस खपून ती बाटल्यांवर डकवली. फ्रिजमधल्या ओलाव्याने त्यांनी बाटल्या सोडल्या आणि माणसं धरली. ती कोपरांना चिकटली, हातमोज्यांना चिकटली, पाद्रीबाबांच्या टोपीला चिकटली. मर्व्हिन रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी घेऊन पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत गेला, आणि त्याच्या पँटच्या मागच्या बाजूला कर्करोगाचा इशारा होता. ज्यांनी तो वाचला त्यांनी सभ्यपणे मान खाली घातली. मर्व्हिनला वाटलं आज प्रार्थनेत विशेष भाव आहे. एक लेबल कुणाच्या तरी बुटाबरोबर बर्फावर गेलं आणि मी सरकवलेला दगड, जो जिंकणार होता, मधेच त्याच्यावर अडकून गिरकी घेऊन थांबला. आमच्या खेळात बर्फावर केस पडला तरी दगड बिचकतो. माझ्याच संघातले लोक माझ्याकडे बघत राहिले, आणि मला खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

पण मी ऑरेस्टकडे गेलो. त्याने गॅरेजमधून एक डबा काढून दिला. ट्रॅक्टरवर कंपनीची पट्टी चिकटवायला वापरतात तो डिंक.

“हा लावला की निघत नाही,” तो म्हणाला. “कुठे लावतोयस ते नीट विचार करून लाव.”

आता आठवलं की वाटतं, तो थोडा वेळ थांबला होता. डबा त्याने लगेच सोडला नव्हता. मी मात्र डब्यावरच्या सूचना वाचण्यात गुंतलो होतो.

नव्या डिंकाने लेबलं अशी बसली की बाटली फुटली असती पण लेबल निघालं नसतं. मी गावच्या साप्ताहिकाच्या वार्ताहराला बोलावलं. शनिवारी दुपारी सामने संपल्यावर छोटा कार्यक्रम ठरला. मी राखाडी कोट घालून लवकर गेलो आणि शेवटची तपासणी केली. आणि बर्निसच्या गल्ल्याखाली, अगदी कोपऱ्यात, मला एक व्हिस्कीची बाटली दिसली. लेबल नसलेली.

“बर्निस, ही राहिली.”

“राहू दे ती.”

“अपवाद केला की नियम कसला?”

“वेंडेल, राहू दे म्हणते ना.”

बर्निस एकच गोष्ट दोनदा सांगणारी बाई नव्हे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला वाटलं, हिला लेबलांचा कंटाळा आलाय. ती बर्फाची बादली आणायला आत गेली तेवढ्यात मी डिंक लावून इशारा चिकटवून टाकला. इतकं सरळ लेबल माझ्या हातून पूर्वी बसलं नव्हतं. त्यामुळे फोटोसाठी मी तीच बाटली घेतली.

सगळे जमले. ऑरेस्टचा संघ नुकताच हरला होता आणि तो जिंकलेल्यांच्या टेबलाला, भिंतीकडे पाठ करून बसला होता. पुढे ग्लास होता. मी भाषण केलं. सत्य माणसाच्या डोळ्यांसमोर ठेवलं पाहिजे, मग ते कितीही कडू असो, असं काहीतरी म्हणालो. फोटो जिवंत दिसावा म्हणून बाटलीतून एका ग्लासात थोडं ओतलं. बर्निस तोपर्यंत बाहेर आली होती. तिने हात पुढे केला, पण मधे वार्ताहर होता. मी घोट घेतला.

सफरचंदाचा रस होता.

दावे तपासणाऱ्या माणसाला फसवणुकीचा वास आला की त्याचं भान सुटतं. मी ग्लास उंच धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. “ही व्हिस्की नाही. या क्लबात कुणीतरी सभासदांना व्हिस्की म्हणून रस पाजतंय.” आणि मी बर्निसकडे बघितलं.

बर्निसचा चेहरा लाल झाला. एक शब्द बोलली असती तर सुटली असती, पण तिने ओठ घट्ट मिटले आणि बारचं फडकं घडी करत राहिली. मर्व्हिन उठला, अध्यक्ष म्हणून त्याला उठावंच लागलं. तेवढ्यात भिंतीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“ती माझी बाटली आहे,” ऑरेस्ट म्हणाला. “तिला काही बोलू नका. मीच तिच्या पाया पडलो होतो.”

कुणीतरी हसलं. वर्षभर आम्ही तुला रस पाजत होतो होय, असं कुणीतरी म्हणालं, आणि आणखी दोघे हसले.

“गेल्या हिवाळ्यात मी विनिपेगला बहिणीकडे गेलो नव्हतो. इस्पितळात होतो. घशातून गाठ काढली.” त्याने माझ्या हातातल्या बाटलीकडे बोट केलं. “तोच रोग. तू लिहिला आहेस तो.”

मग त्याने भिंतीवरच्या खुंटीवरून आपला झाडू काढला, टोपी घातली आणि दार आवाज न करता लावून घेऊन गेला.

गेल्या हिवाळ्यात तो बहिणीकडे गेला तेव्हा माझ्या दारात बर्फ साचला होता. माणसाने जाताना सांगून तरी जावं, असं मी डोरीनकडे कुरकुरलो होतो. सगळ्या क्लबसमोर, राखाडी कोटात, हातात ग्लास धरून उभा असताना मला नेमकं तेच आठवलं. मला तिथून नाहीसं व्हायचं होतं, पण कर्लिंग क्लबात नाहीसं व्हायची सोय नाही, एकच दार आहे आणि ते माणसांच्या मधून जातं. मी बर्निसची माफी मागितली. ती म्हणाली, “काही हरकत नाही, मिस्टर हारग्रेव्ह.” इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदाच मिस्टर म्हटलं.

साप्ताहिकात फोटो आला. त्यात मी तोंड उघडं टाकून ग्लास उंचावतोय, बाटलीवरचा इशारा स्पष्ट वाचता येतोय आणि मागे दाराशी एका माणसाची पाठ आहे. खाली लिहिलं होतं, ‘स्थानिक क्लबचा आदर्श उपक्रम.’

डोरीनने तो अंक माझ्या नाश्त्याच्या शेजारी ठेवला. “हे लेबल तू वाचलंस का?” तिने विचारलं.

“वाचलंस का म्हणजे? मीच लिहिलंय.”

“ते मला माहीत आहे. वाचलंस का?”

अक्षराची जाडी, शब्दांमधलं अंतर, ‘होतो’ की ‘होऊ शकतो’, हे सगळं मी पाहिलं होतं. ते वाक्य खरं आहे आणि कुणा माणसाबद्दल आहे, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तो माणूस तर आठवड्यातून दोनदा माझ्या समोर बसत होता.

मी खजुराचा केक घेऊन ऑरेस्टकडे गेलो. वाटेत तीन प्रकारची माफी तयार केली होती. त्याने दार उघडलं, शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काही हरकत नाही, वेंडेल. केकबद्दल आभार.” दुसऱ्या दिवशी केकचा डबा धुऊन पुसून आमच्या दाराच्या कडीला टांगलेला होता. एवढं सौजन्य त्याने मला जन्मात दाखवलं नव्हतं.

आणि मग बर्फ पडला. सकाळी यंत्राचा आवाज आला म्हणून मी पडद्याआडून बघितलं. ऑरेस्टने आपलं अंगण साफ केलं, दोन घरांच्या हद्दीपर्यंत आला आणि वळला. मोजपट्टी लावल्यासारखी बर्फाची भिंत उभी राहिली. त्याची बाजू काळी कोरडी आणि माझी बाजू गुडघाभर. सबंध गाव त्या रस्त्याने जातं. कुणी काही बोललं नाही, पण गाड्या आमच्या घरापाशी हळू व्हायला लागल्या. मी फावडं घेऊन बाहेर पडायचो आणि थोड्या वेळाने पाठ धरून आत यायचो. डोरीन म्हणायची, ओटावाहून कुणी आलं तर चढून येतील.

ओटावाहून माझ्या अहवालाची छापील पोच आली. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार, एवढाच मजकूर होता. त्यांच्याकडूनही सौजन्यच.

ऑरेस्ट क्लबात यायचा बंद झाला. त्याचा संघ तिघांनिशी खेळून हरत राहिला, आणि भिंतीवरची त्याची रिकामी खुंटी बरोबर माझ्या खुर्चीसमोर होती. मी लेबलं काढायला बसलो. गरम पाणी, साबण, चाकू, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी, सगळं करून पाहिलं. निघेनात. ओळखीच्या लोकांनी सल्ले दिले. एकाने रॉकेल सुचवलं, एकाने शेंगदाण्याचं लोणी. शेंगदाण्याच्या लोण्याने लेबल तसंच राहिलं आणि फ्रिजमध्ये मुंग्या झाल्या. हिवाळ्यात मुंग्या आणणारा मॅनिटोबातला मी पहिलाच असेन.

हंगामातला शेवटचा सामना नेमका आमचा आणि ऑरेस्टच्या संघाचा होता. शेवटचा सामना त्याने कधी चुकवलेला नव्हता. तो आला. टोपी काढून सगळ्यांना नमस्कार केला, मलाही, आणि खेळायला लागला. खेळ संपल्यावर तो थेट घरी जाणार हे त्याने गाडी रस्त्याकडे तोंड करून लावली होती त्यावरूनच कळत होतं.

माझी वेगळीच तारांबळ होती. आम्ही जिंकलो तर त्याला पहिला ग्लास मला पाजावा लागणार. काय पाजू? रस मागवला तर पुन्हा तमाशा, व्हिस्की मागवली तर मी माणूस नव्हे. म्हणून मी हरायचं ठरवलं. शेवटचा दगड माझा होता. मी तो इतका तिरका आणि जोरात फेकला की आमचे लोक ओरडले. तो कडेच्या एका दगडावर आपटला, तो दगड दुसऱ्यावर, आणि दुसऱ्याने ऑरेस्टचा मधोमध बसलेला दगड अलगद बाहेर ढकलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यातला माझा सगळ्यात सुरेख फटका तोच, आणि तो मी हरण्यासाठी मारला होता.

ऑरेस्टने माझ्याशी हात मिळवला. नियमाप्रमाणे तो टेबलाशी आला, पण कोटाची बटणं लावलेलीच होती आणि खुर्चीच्या कडेवर बसला होता. बर्निस माझ्याकडे बघत थांबली. आणि मग मी ते विचारलं, जे आमच्या क्लबात कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

“ऑरेस्ट, तू काय घेशील?”

“चहा,” तो म्हणाला. “गरम असला तर.”

बर्निस म्हणाली की क्लबात चहा नाही, पाणी तापवायचं भांडं जळून जमाना झाला. मी म्हटलं, “पाच मिनिटं. उठू नकोस.” आणि तसाच बाहेर पळालो, कोटाशिवाय. आमचं घर कोपऱ्यावरच आहे. पण कर्लिंगच्या बुटांची एक गंमत असते. दगड सरकवताना घसरता यावं म्हणून एका बुटाचा तळ मुद्दाम गुळगुळीत केलेला असतो. बर्फाळ रस्त्यावर माझा एक पाय धावत होता आणि दुसरा आपल्या मर्जीने जात होता. मी चर्चसमोर पडलो, टपालपेटीला धरून उठलो आणि आमच्या अंगणातल्या गुडघाभर बर्फात पुन्हा पडलो. डोरीन घरी नव्हती. चहा मी आजवर फक्त प्यायलेलो आहे. किटलीत किती पुड्या टाकतात हे ठाऊक नव्हतं, म्हणून कमी पडू नयेत एवढ्या टाकल्या. परत येताना किटली छातीशी धरली होती, त्यामुळे पडताना ती वाचली आणि मी भाजलो.

दार ढकलताना एकच धाकधूक होती, तो बसला असेल का. तो बसला होता. कोटाचं वरचं एक बटण त्याने सोडलं होतं.

मी ओतलं. चहा काळाकुट्ट होता. ऑरेस्टने कप उचलला. मला राहवलं नाही.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तर तू काहीतरी केलं असतंस.”

कुणी हसलं नाही. मीही नाही, कारण ते अगदी खरं होतं. मी समिती काढली असती, पत्रकं छापली असती, त्याच्या घशासाठी निधी जमवला असता. त्याला एवढंच हवं होतं की हरल्यावर इतरांबरोबर टेबलाला बसावं आणि कुणी बघू नये. ते मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं, आणि तेही त्याच्याच डिंकाने. मला लाज वाटली. अजूनही वाटते, आणि ती विनोदाने जात नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे, आत्ताही तेच करतो आहे.

ऑरेस्टने घोट घेतला. त्याचा चेहरा हळूहळू वेडावाकडा झाला. त्याने कप खाली ठेवला, डोळे पुसले आणि बर्निसकडे वळला.

“बर्निस, त्यातलं एखादं लेबल उरलंय का?”

बर्निसने गल्ल्यातून एक लेबल आणि डिंकाचा डबा काढून दिला. ऑरेस्टने यंत्राचा सुटा भाग बसवावा तशा काळजीने ते मी आणलेल्या, डोरीनच्या आईच्या किटलीवर बसवलं, अंगठ्याने कडा दाबल्या आणि सगळ्यांना वाचता येईल अशी किटली टेबलाच्या मधोमध ठेवली. मग मात्र बार दणाणला. सगळ्यात मोठ्याने मर्व्हिन हसला, त्याचाही हिशेब राहिला होता. ऑरेस्ट त्या घोगऱ्या आवाजात हसला आणि कोटाची उरलेली बटणं सोडून त्याने तो सगळा कप संपवला. नको म्हणायची पद्धत नाही.

पुढच्या बर्फाच्या दिवशी यंत्र हद्दीपाशी येऊन थांबलं. मी पडद्याआड उभा होतो. ऑरेस्टने यंत्र बंद केलं, माझ्या खिडकीकडे बघितलं आणि ओरडला, “पडद्यामागून काय बघतोयस, बाहेर ये मूर्खा, फावडं घे.” मूर्ख म्हणाला. फावडं घ्यायच्या आधी मी आत जाऊन डोरीनला ते सांगून आलो.

आता तो रविवारी चर्चनंतर आमच्याकडे चहाला येतो. चहा डोरीन करते. किटली टेबलावर ठेवण्याचं काम मात्र तो कुणाला करू देत नाही. ठेवताना ती जराशी फिरवतो आणि लेबलाची बाजू माझ्याकडे करतो.